गव्हाची ॲलर्जी आणि बाकीची धान्ये

प्रश्न : माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. पोळी खाल्ल्यावर दोनदा त्याच्या अंगावर गांधी उठल्या आणि ओठ सुजले. रक्ताच्या तपासणीत गव्हाबरोबरच जव, ज्वारी, मका आणि तांदूळ यांचेही आकडे वाढलेले आले. भात आणि ज्वारीची भाकरी तो आजवर विनातक्रार खातो. घरातील मोठी माणसे म्हणतात, सगळेच बंद करावे. काय करावे?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : जे धान्य मूल नेहमी खाते आणि ज्याचा त्याला कधीही त्रास झालेला नाही, ते निव्वळ अहवालावरून बंद करू नये. भात आणि भाकरी चालू ठेवा.

ही सगळी धान्ये गवताच्या कुळातली असल्यामुळे त्यांच्यातील काही प्रथिने एकमेकांसारखी असतात, आणि गव्हाविरुद्ध तयार झालेली आयजीई प्रतिपिंडे (ॲलर्जीत भाग घेणारी रक्तातील प्रथिने; अहवालातले आकडे यांचेच असतात) परीक्षानळीत ज्वारीच्या किंवा तांदळाच्या प्रथिनालाही चिकटतात. गवताच्या परागकणांची ॲलर्जी असली तरी असेच घडते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मुलांना देखरेखीखाली धान्ये प्रत्यक्ष खाऊ घातली गेली, तेव्हा ज्यांना त्रास झाला त्यांच्यापैकी सुमारे ८० टक्के मुलांना तो एकाच धान्याचा होता. इतक्या धान्यांची तपासणी सरसकट करून घेण्याची रीत मला म्हणूनच पटत नाही. शिवाय पचणारा पदार्थ दीर्घकाळ तोडल्यावर तो पुन्हा देताना तीव्र प्रतिक्रिया आल्याची उदाहरणे, विशेषतः इसब असलेल्या मुलांत, नोंदलेली आहेत.

जवाची गोष्ट वेगळी आहे. जव आणि राय (rye हे धान्य, मोहरी नव्हे) ही गव्हाची अगदी जवळची भावंडे असल्याने, ॲलर्जीतज्ज्ञांनी रुग्णालयात चाचणी घेईपर्यंत ती देऊ नयेत. माल्ट घातलेली दुधाची पावडर आणि सातूचे पीठ यांत बहुधा जव किंवा गहू असतो. खपलीही गहूच आहे. ‘जुना, पचायला हलका’ म्हणून ती या मुलाला देऊ नका.

मला खरी काळजी वाटते ती गिरणीची. गव्हावर ज्वारी दळली की जात्यात राहिलेले गव्हाचे पीठ तुमच्या डब्यात उतरते, आणि मग भाकरीने अंगावर गांधी उठल्या की दोष ज्वारीला लागतो. गिरणीवाल्याला सांगून तांदळावर दळून घेतले तरी खात्री देता येत नाही. त्यापेक्षा घरघंटी बरी, मात्र तिच्यात गहू दळता कामा नये. पोळपाट-लाटणे आणि तवाही वेगळा ठेवा. बाजारातील बांधणी हिंगात बहुधा मैदा असतो, त्यामुळे डबीवरील घटकांची यादी वाचा. २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार गहू, जव यांसारख्या धान्यांचा उल्लेख वेष्टनावर करणे बंधनकारक आहे. सुट्या फरसाणाला मात्र वेष्टनच नसते.

गांधींबरोबर धाप, आवाज बसणे, वारंवार उलट्या किंवा मलूलपणा दिसला तर ॲलर्जीच्या गोळीची वाट पाहत बसू नका. त्या वेळी मांडीच्या बाहेरच्या बाजूस ॲड्रेनालिनचे इंजेक्शन हाच पहिला उपचार असतो, म्हणून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा किंवा जवळचे रुग्णालय गाठा. ते इंजेक्शन घरी ठेवावे का आणि किती मात्रेत, हे पुढच्या भेटीत तज्ज्ञांकडून लिहून घ्या. गव्हाची ॲलर्जी बऱ्याच मुलांत शाळकरी वयात ओसरते. तेव्हा फेरतपासणी कधी करायची, हेही त्याच भेटीत विचारा.