गाडीच्या लोअर आर्मच्या (चाक सांगाड्याला जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) बोल्टचे आटे गेलेत, गॅरेजवाला वेल्ड करतो म्हणतोय. करू का?

अजिबात नको. तो बोल्ट टॉर्कने ताणून बसलेला असतो म्हणून आर्म जागेवर राहतो. हाय टेन्साइल बोल्टला वेल्डिंगची आंच लागली की त्याचं टेम्पर (कडकपणा) जातं, शिवाय उद्या बुश (आर्मच्या टोकातला रबरी सांधा) बदलायला ग्राइंडर घेऊन बसावं लागेल ते वेगळंच.

आधी काय गेलंय ते बघा. बोल्ट नुसताच गरगर फिरतोय आणि आत काहीतरी खडखडतंय तर सबफ्रेमच्या (आर्म ज्याला बसतो त्या लोखंडी चौकटीच्या) आतला वेल्ड केलेला नटच सुटलाय, मग खिडकी कापून नवा नट वेल्ड करायचा नाहीतर सरळ सबफ्रेम बदलायची. पण बोल्ट बाहेर आलाय आणि त्याच्या आट्यांत लोखंडाची तार गुंडाळल्यासारखी दिसतेय, तर फक्त नटाचे आटे गेलेत, आणि हे नीट रिपेअर होतं.

माझ्या गाडीचं हेच झालं होतं. इथे इंदूरच्याच एका गॅरेजमध्ये पोराने हार्डवेअरच्या दुकानातला १२ एमएमचा बोल्ट आणून एअर गनने दाबला. आता दुकानात १२चा बोल्ट मागितला की बहुतेक १.७५ पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, एमएममध्ये) हातात येतो आणि सस्पेन्शनला बऱ्याच गाड्यांत १.२५चा बारीक आटा असतो, हाताने लावला असता तर दोन फेऱ्यांतच अडकला असता, पण गन कुठे ऐकते! ‘भिया चूडी मर गई’ म्हणून मोकळा.

मी हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी नवे आटे देणारी स्टीलच्या तारेची स्प्रिंग) बसवून घेतली. सियागंजात टूल्सच्या दुकानांत विचारा, पोलोग्राउंडकडे लेथवाले आहेत त्यांच्यापैकीही कोणी करून देईल. सव्वाबारा एमएमच्या आसपास ड्रिल, मग हेलिकॉइलचाच टॅप (साधा १४चा नाही), तेल टाकत अर्धा फेरा पुढे, पाव मागे, चुरा काढायचा, आणि स्टीलची स्प्रिंग तोंडापासून थोडी आत बसवायची. खालची शेपटी तोडायला विसरू नका, नाहीतर बोल्ट तिथेच अडतो. ड्रिल तिरकं गेलं तर मात्र सगळं मुसळ केरात, म्हणून हात बसलेल्या माणसाकडूनच करा. १४चा आटा पाडून मोठा बोल्ट टाकतो म्हणाला तर नाही म्हणा, आर्मच्या बुशमधला स्लीव्ह १२चा आहे, त्यात तो जाणार कुठून?

बोल्ट कंपनीचाच नवा घ्या, नाहीतर डोक्यावर जुन्याचाच ग्रेड (बहुतेक १०.९) आणि पिच तोच बघून घ्या. पहिल्या चार-पाच फेऱ्या बोटांनी, मग टॉर्क पाना, आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला. आणि शेवटची घट्ट कस गाडी चाकांवर उभी असताना, जॅकवर लटकत असताना कसली तर बुश पीळ खाऊन लवकर फाटतो. त्यानंतर अलाइनमेंट करून घ्या.