व्हिडिओ बघताना कळतं, वही उघडली की अडतं: रासायनिक बंध कसे शिकावेत

तुमची अडचण थोडक्यात अशी: बंध आणि अभिक्रियांवरचे पाच-सात मिनिटांचे व्हिडिओ बघताना सगळं लख्ख समजतं, पण समीकरण लिहायला किंवा ‘ही अभिक्रिया ऊष्मादायी (उष्णता बाहेर टाकणारी) का?’ याचं उत्तर द्यायला बसलं की पाटी कोरी. मग व्हिडिओ सोडून सरळ पुस्तकच धरावं का, असं तुम्ही विचारलंय.

सोडू नका. हा विषय मी बरीच वर्षं शिकवतोय आणि व्हिडिओंनी शिकवणं सोपं झालंय, यात शंका नाही. पण छोट्या व्हिडिओत एक गोष्ट हमखास गाळली जाते आणि नेमकी तीच परीक्षेत विचारतात. ती गोष्ट म्हणजे ऊर्जेचा हिशेब. तो तुम्हाला स्वतः भरावा लागेल.

आधी ‘लख्ख समजतं’ याबद्दल. डेरेक मुलर यांनी सिडनी विद्यापीठात २००८ साली पूर्ण केलेलं पीएचडीचं संशोधन याच विषयावर आहे. त्यांचे व्हिडिओ भौतिकशास्त्राचे होते, पण निष्कर्ष आपल्यालाही लागू पडतो. ज्या विद्यार्थ्यांना स्वच्छ, सुटसुटीत स्पष्टीकरण दाखवलं त्यांना ते छान, स्पष्ट वाटलं. चाचणीत मात्र फारसा फरक पडला नाही. ज्या व्हिडिओत आधी लोकांच्या चुकीच्या समजुती मांडून मग त्या खोडल्या होत्या, तो बघणाऱ्यांना गोंधळल्यासारखं झालं, पण त्यांचे गुण वाढले. म्हणजे बघताना डोकं थोडं खाजवावं लागलं तर ते चांगलं लक्षण समजा.

आता सोडिअम आणि क्लोरीन घेऊ. जवळजवळ प्रत्येक व्हिडिओत हेच दोघे असतात: सोडिअमला एक इलेक्ट्रॉन नकोसा झालेला, क्लोरीनला एक हवासा, सोडिअम हसत देऊन टाकतो, दोघांचं अष्टक (बाहेरच्या कवचातले आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण, बंध तयार. चित्र गोड आहे, पण आकडे मांडले की कोसळतं. वायुरूप सोडिअमच्या अणूतून तो इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे (मोल म्हणजे अणू-रेणू मोजायचं ठरावीक मोठं माप) ४९६ किलोज्यूल लागतात. क्लोरीनच्या अणूने तो घेतला की परत मिळतात ३४९. म्हणजे या देवाणघेवाणीत १४७ किलोज्यूलचा तोटा आहे! सोडिअम ‘देऊन टाकायला’ मुळीच उतावीळ नसतो.

मग मीठ बनतं कसं? तयार झालेले धन आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले अणू) आणि ऋण आयन (इलेक्ट्रॉन मिळवलेले) एकमेकांना ओढतात, त्यांची जाळी रचली जाते आणि त्या रचनेत मोलमागे सुमारे ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. सगळा तोटा इथे भरून निघतो. धातूरूप सोडिअमचे अणू सुटे करायचा खर्च (१०७) आणि क्लोरीनचा रेणू फोडायचा खर्च (अणूंच्या एका मोलमागे १२२) धरूनही शेवटी ४११ किलोज्यूल शिल्लक राहतात. मिठाच्या एका मोलमागे ऊष्मा बाहेर पडते ती एवढी. आयनिक बंध म्हणजे ही ओढ. इलेक्ट्रॉन देणं-घेणं ही फक्त तिची पूर्वतयारी. हे एकदा पटलं की मिठाचा स्वतंत्र रेणू का नसतो (जाळीत प्रत्येक सोडिअम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन असतात) आणि ते वितळायला ८०१ अंश सेल्सिअस का लागतात, हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

दुसरी गल्लत याहून चिवट आहे. ‘बंध तुटला आणि त्यात साठलेली ऊर्जा बाहेर पडली’ हे वाक्य इतक्या ठिकाणी ऐकू येतं की ते खरंच वाटू लागतं. बंध तोडायला ऊर्जा लागते. नेहमी. ऊर्जा सुटते ती नवे बंध जुळताना. हायड्रोजनचे दोन अणू लांबून जवळ यायला लागले की त्यांची ऊर्जा उतरत जाते, ७४ पिकोमीटर अंतरावर तळ गाठते आणि त्याहून जवळ ढकलले तर झपाट्याने चढते. तो तळ सुट्या अणूंपेक्षा मोलमागे ४३६ किलोज्यूलनी खाली असतो. त्यांना पुन्हा वेगळं करायचं तर तेवढेच ४३६ मोजावे लागणार. हा आलेख दाखवणारा व्हिडिओ मिळाला तर तो जपून ठेवा, माझ्या मते असा एक व्हिडिओ दहा कार्टूनच्या तोडीचा.

पाणी तयार होण्याची अभिक्रिया वहीत करून बघा. हायड्रोजनचे दोन मोल, ऑक्सिजनचा एक. तोडायचे बंध: ४३६ चे दोन आणि ऑक्सिजनचा दुहेरी बंध ४९८, मिळून १३७०. जुळणारे बंध: ऑक्सिजन-हायड्रोजनचे चार, प्रत्येकी सरासरी ४६३, मिळून १८५२. फरक ४८२ किलोज्यूल, तो बाहेर पडतो. आणि हे मिश्रण ठिणगीशिवाय नुसतंच का पडून राहतं, याचंही उत्तर त्यातच आहे: सुरुवातीचा खर्च कोणीतरी उचलावा लागतो, एकदा सुरू झालं की पुढचा खर्च अभिक्रियाच भागवते.

आता बघायची पद्धत. अभिक्रियाकारक पडद्यावर आले की तिथेच व्हिडिओ थांबवा आणि वहीत लिहा: कोणते बंध तुटतील, कोणते जुळतील, उत्पादितं काय असतील, ऊष्मा आत जाईल की बाहेर येईल. चुकलं तरी चालेल, पण लिहूनच पुढे जा, मनातल्या मनात दिलेलं उत्तर नंतर आपोआप बरोबर ठरतं! व्हिडिओ संपला की तो बंद करून इलेक्ट्रॉन-ठिपक्यांची आकृती (बाहेरचे इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी दाखवणारी) आणि संतुलित समीकरण स्वतः काढा. पाच मिनिटांच्या व्हिडिओला यात वीस मिनिटं सहज जातात. तेवढा वेळ द्यायला हरकत नाही, फक्त एका बैठकीत सहा-सात व्हिडिओ संपवायची सवय सोडावी लागेल.

‘अणूला अष्टक हवं असतं’ हे वाक्य ऐकलं की कान टवकारा. सुरुवातीला नियम म्हणून ठीक आहे, गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ साली इलेक्ट्रॉनच्या जोडीची कल्पना मांडली तेव्हापासून त्याने बरंच काम भागवलंय. पण बोरॉन ट्रायफ्लुओराइडमध्ये बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन असतात, सल्फर हेक्साफ्लुओराइडच्या ठिपक्यांच्या आकृतीत सल्फरभोवती बारा मोजावे लागतात आणि नायट्रिक ऑक्साइडमध्ये एकूण संख्याच विषम असते. अणूला काही ‘हवं’ नसतं; कमी ऊर्जेची मांडणी टिकते, इतकंच.

व्हिडिओ पुस्तकाला मागे टाकतो अशाही जागा आहेत. द्रव ऑक्सिजन शक्तिशाली चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ओतला की तो तिथे अडकून राहतो. तो निळसर पूल एकदा डोळ्यांनी बघाच. ठिपक्यांच्या आकृतीत ऑक्सिजनचे सगळे इलेक्ट्रॉन जोडीने दिसतात, प्रत्यक्षात दोन एकटे असतात, म्हणून चुंबक त्याला ओढतो. पुढे रेणू-कक्षकांचा (रेणूत इलेक्ट्रॉन कुठे असतात त्याचा) धडा येईल तेव्हा हे दृश्य आठवलं तर निम्मं काम झालेलं असेल.

दुसरं म्हणजे पाण्यातला सोडिअम. स्फोट हायड्रोजन पेटल्यामुळे होतो असं बहुतेक ठिकाणी सांगतात. २०१५ साली अतिवेगवान कॅमेऱ्याने सोडिअम-पोटॅशिअमच्या द्रव मिश्रधातूचा थेंब पाण्यात पडताना टिपला गेला. मिलीसेकंद पुरा व्हायच्या आतच थेंबातून धातूचे काटे बाहेर फुटलेले दिसतात. पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन झपाट्याने पाण्यात निघून जातात, मागे उरलेले धनप्रभार एकमेकांना ढकलतात आणि धातू फाटतो. हायड्रोजन पेटतो, पण नंतर. ही गोष्ट कॅमेऱ्याशिवाय कळलीच नसती.

फेसाचे डोंगर आणि रंगीत धुराचे तीस सेकंदांचे तुकडे मात्र करमणूक म्हणून बघा. हायड्रोजन पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजनमध्ये अपघटन होतं, उत्प्रेरक त्याचा वेग वाढवतो, साबण तो वायू धरून ठेवतो. संपलं.

नुसतं बघून कंटाळा आला तर कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पाची सिम्युलेशन मोफत आहेत. नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ साली हा प्रकल्प सुरू केला. त्यात रेणू जोडता येतात, आकार फिरवून बघता येतात. तिथे पडदा तुमच्यासाठी थांबतो, हा मोठा फायदा.

व्हिडिओ पुढे न्यायच्या आधी एवढं एक गणित करा: मिथेनचा एक मोल पूर्ण जळतो, पाणी वाफेच्या रूपात. कार्बन-हायड्रोजन ४१३, ऑक्सिजनचा दुहेरी बंध ४९८, कार्बन डायऑक्साइडमधला कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध ७९९, ऑक्सिजन-हायड्रोजन ४६३. उत्तर ८०२ किलोज्यूल बाहेर, असं यायला हवं. फार कमी आलं तर कार्बन डायऑक्साइडमधले दुहेरी बंध दोन आहेत हे तपासा, आणि अगदी वेगळंच काही आलं तर आकडेमोड इथे टाका, बघतो.