एका पायाच्या बिलावर तडजोड करू नका

ताई, तुम्ही लिहिता की यजमान 34 वर्षांचे, चाकणच्या एका कारखान्यात फिटर होते. मोशीजवळ टेम्पोने धडक दिली आणि उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. शिवाजीनगर कोर्टात भरपाईचा दावा चालू आहे. विमा कंपनी आता म्हणते, कृत्रिम पायाचं बिल आणि वर थोडी रक्कम घ्या, लोकअदालतीत मिटवून टाका. सही करावी का?

आत्ता करू नका. लोकअदालतीतला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. काही वर्षांनी पाय बदलायची वेळ आली म्हणून त्याच अपघाताचे पैसे पुन्हा मागता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये हेच सांगितलं: एकदा अंतिम निवाडा झाला की पुढच्या खर्चासाठी दुसरा निवाडा देण्याची कायद्यात सोय नाही, म्हणून पुढचा वैद्यकीय खर्च पहिल्याच निवाड्यात धरावा. तो दावाही पाय गमावलेल्या माणसाचाच होता. मागितल्यापेक्षा जास्त भरपाई देता येते, असंही त्याच निकालात आहे. त्यामुळे तुमच्या अर्जात एकाच पायाची रक्कम लिहिली असली तरी धीर सोडू नका.

कृत्रिम पाय एकदा घेतला की संपलं, असं नसतं. उरलेली मांडी हळूहळू आटते, सॉकेट, म्हणजे मांडी ज्यात बसते तो साचा, सैल होतो, घासून जखमा होतात. लायनर, म्हणजे आतलं मऊ अस्तर, फाटतं, गुडघ्याचा सांधा झिजतो. हे सगळं न्यायाधीशांपुढे यायला हवं. पाय बसवणाऱ्या तज्ज्ञाकडून लेखी घ्या: कोणता भाग किती वर्षांनी बदलावा लागेल, खर्च किती. त्यांना साक्षीलाही बोलवा. नुसतं कोटेशन उलटतपासापुढे टिकत नाही. पुण्यात वानवडीला लष्कराच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये (कृत्रिम अवयव केंद्रात) लष्कराबाहेरच्या लोकांनाही पाय बसवतात, तिथेही दाखवून या.

दिव्यांग प्रमाणपत्रावरची टक्केवारी म्हणजेच कमाईचं नुकसान, असं विमा कंपनी मांडेल. ते खरं नाही. 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उदाहरण दिलंय: डावा हात गेला तर अपंगत्व 60 टक्के धरलं जाईल, पण माणूस सुतार किंवा ड्रायव्हर असेल तर कमाई जवळपास पूर्ण बुडते. फिटरला दिवसभर उभं राहावं लागतं, वाकावं लागतं. कामाचं स्वरूप सांगणारं पत्र कारखान्याकडून मागून घ्या.

तडजोड करायचीच झाली, तर पुढचे पाय आणि दुरुस्ती यांची रक्कम पुरसीशीत, म्हणजे कोर्टात द्यायच्या तडजोडीच्या लेखी निवेदनात, धरलेली आहे ना, हे वकिलांकडून समजून घेतल्याशिवाय सही नको. आणि वकिलांकडे जाताना यजमानांना सोबत न्या. सॉकेट कुठे टोचतं, किती पायऱ्या चढवतात, हे त्यांच्याच तोंडून साक्षीत आलं पाहिजे.