मुलगी म्हणते, मृदा भूगोलाची प्राध्यापक होणार

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. मुलगी भूगोल घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि पुढे मृदा भूगोलात पीएचडी करून प्राध्यापक व्हायचं म्हणते. एवढी हुशार मुलगी आयुष्यभर माती उकरत बसणार का, असं तिच्या बाबांना वाटतं. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: यात पोट भरेल का, आणि मुलीच्या जातीने रानावनात कसं फिरायचं. शेवटी लिहिलंत, ‘तिला नाही म्हणायचं नाहीये, पण हो म्हणायचीही भीती वाटते.’ ते वाचलं आणि चार ओळींत उत्तर देणं मला बरं वाटेना.

माती उकरणं म्हणजे काय, ते आधी सांगते. साधारण दीड मीटर खोल खड्डा घ्यायचा. उजेड पडतो ती भिंत सुरीने खरवडून स्वच्छ करायची, टेप लटकवायची, फोटो काढायचा. मग वरून खाली एकेक थर बघत यायचं. ढेकळाचा तुकडा ओला करून मन्सेलच्या रंगतक्त्याशी, म्हणजे क्रमांक दिलेल्या रंगांच्या नमुन्यांशी, ताडून बघायचा. नुसतं ‘तपकिरी’ लिहून भागत नाही, ‘१० वायआर ३/२’ असं नोंदवावं लागतं, म्हणजे जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्यालाही नेमका तोच रंग कळतो. ओली माती अंगठा आणि तर्जनीत दाबून तिची पट्टी काढायची. पट्टी लांब निघाली तर चिकणमाती जास्त, निघायच्या आतच तुटली तर वाळू जास्त. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकायचे, फसफसलं की चुना आहे. ६० सेंटिमीटरवर करड्या मातीत गंजाच्या रंगाचे ठिपके दिसले, तर पाणी तिथवर चढतं आणि पुन्हा उतरतं हे कळतं, मग बाहेर कितीही कडक ऊन असो. नमुने मात्र खालून वर घेत यायचे, नाहीतर वरची माती खालच्या नमुन्यात सांडते. एका खड्ड्यात अर्धा दिवस सहज जातो.

दुसरा खड्डा घेतला की खरा भूगोल सुरू होतो. माथ्यावरची माती लाल आणि उथळ, पायथ्याची काळी आणि खोल, असं का? मृदाशास्त्रज्ञ जेफ्री मिल्न यांना १९३० च्या दशकात पूर्व आफ्रिकेत दिसलं की माथ्यापासून दरीपर्यंत मातीचा ठरावीक क्रम टेकडीमागून टेकडी तसाच येतो. त्यांनी त्याला ‘कॅटेना’ म्हटलं, लॅटिनमध्ये साखळी. त्याच्या कितीतरी आधी, १८८३ मध्ये, वासिली दोकुचाएव यांनी रशियातल्या काळ्या मातीवर, चेर्नोझेमवर, ग्रंथ लिहून दाखवलं होतं की माती म्हणजे नुसता झिजलेला खडक नव्हे. हवामान, जीवसृष्टी, जमिनीचा चढउतार, मूळ खडक आणि काळ, या सगळ्यांनी मिळून ती घडते. हान्स येनी यांनी १९४१ मध्ये हेच पाच घटक समीकरणाच्या रूपात मांडले. तुमच्या मुलीला हे पाठ असेलच. पण हे पाच घटक तिला एखाद्या उतारावर उभं राहून दिसायला लागले, तर ती या विषयाची झाली असं मी म्हणेन.

भूगोलाकडून आली म्हणून ती मागे पडेल, असं कोणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. दोकुचाएव भूविज्ञानातून आले. अमेरिकेच्या मृदा सर्वेक्षणाला दिशा देणारे कर्टिस मार्बट आधी भूविज्ञान आणि भूरूपं शिकवायचे. पुढे रशियन मृदाशास्त्रज्ञ ग्लिंका यांचा ग्रंथ त्यांनी जर्मनवरून इंग्रजीत आणला आणि रशियन विचार अमेरिकेत रुजवला. तिची खरी अडचण वेगळी आहे. भूगोलाच्या मुलांचं रसायनशास्त्र आणि संख्याशास्त्र बहुतेक वेळा कच्चं राहतं. सामू (माती आम्ल की अल्कधर्मी) काढणं, सेंद्रिय कार्बन मोजणं, पोयट्याचं आणि चिकणमातीचं प्रमाण काढणं, हे तिला स्वतःच्या हाताने यायला हवं. त्यासाठी पदवीचं उरलेलं वर्ष वापरा, पुढे वेळ मिळत नाही.

आता पोटाचं. आडपडदा न ठेवता सांगते, प्राध्यापकाच्या कायम जागा थोड्या असतात आणि वाट लांब असते. पदव्युत्तर दोन वर्षं, पीएचडीची चार-पाच, त्यानंतर कायम होईपर्यंत तात्पुरती कामं. बरोबरीच्या मैत्रिणी घर-गाडी घेतील तेव्हा हिचा प्रबंध चालू असेल. त्या काळात घरच्यांनी ‘अजून किती?’ असं सारखं विचारलं की मुलं खचतात, हे मी अनेकदा पाहिलंय. शिवाय विषय दोन खुर्च्यांच्या मध्ये बसलेला आहे. भूगोल विभागाला वाटतं हे कृषीचं काम, कृषीवाल्यांना वाटतं हे भूगोलाचं. म्हणून जागेची जाहिरात कोणत्या विभागाची निघते, पात्रतेत नेमकं काय मागतात, हे तिने आत्ताच बघावं. गेल्या दोन वर्षांतल्या दहा जाहिराती काढून वाचायला सांगा. इतरांच्या सांगण्यापेक्षा त्यातून जास्त कळेल.

आणि प्राध्यापकी मिळालीच नाही तर? म्हणूनच उपग्रह प्रतिमा, जीआयएस (संगणकावर नकाशे आणि त्यांची माहिती हाताळणं) आणि थोडं प्रोग्रामिंग तिने मनापासून शिकावं. आता थोड्या खड्ड्यांची माहिती, उंचीचा नकाशा आणि उपग्रह प्रतिमा एकत्र करून मोठ्या प्रदेशाचा मृदा नकाशा संगणकावर तयार करतात. हे ज्याला येतं, त्याला मृदा सर्वेक्षण, सिंचन, जमीन वापराचं नियोजन, धूप, मातीतला कार्बन मोजणं, अशा ठिकाणी काम असतं. जगभरच्या मातीत वातावरणापेक्षा जास्त कार्बन साठलेला आहे, त्यामुळे ही मोजणी थांबणारी नाही. फक्त संगणकाच्या नादात खड्डा सुटू देऊ नका. ज्याने माती हातात घेतलेली नाही, त्याला नकाशातली चूक दिसत नाही.

फिरण्याबद्दलची तुमची काळजी रास्त आहे. या कामात एकट्याने जायचंच नसतं, मुलग्यांनीही. कमीत कमी दोघं, जमीनमालकाची परवानगी घेतलेली, कुठे जातोय आणि कधी परतणार ते मागे कोणाला तरी सांगितलेलं. मार्गदर्शक निवडताना तिने त्यांच्या जुन्या विद्यार्थिनींशी बोलावं. फील्डवर सर किंवा मॅडम स्वतः येतात का, प्रबंध किती वर्षांत पूर्ण होतात, हे उघड विचारावं. माझ्या मते विद्यापीठाच्या नावापेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाचे एका हंगामाचे सगळे नमुने वाया गेले होते. माती ओली होती, पिशव्यांतल्या चिठ्ठ्या शाईने लिहिलेल्या, अक्षर पुसलं गेलं. पुढच्या वर्षी तो पुन्हा गेला. या वेळी पेन्सिलने लिहिलं, एक चिठ्ठी पिशवीच्या आत आणि एक बाहेर. आज तो शिकवतो. हुशारी त्याच्याकडे आधीही होती, पुन्हा तोच खड्डा घ्यायला जाण्याची तयारी त्याला कामी आली.

तुमच्या मुलीकडे ती आहे का, हे पत्रावरून मला सांगता येणार नाही. म्हणून एक करा. या सुट्टीत, ओळखीच्या कोणाच्या जमिनीत, विचारून, तिला एक खड्डा घेऊ दे. बाबांनाही कुदळ घेऊन सोबत जाऊ दे. मग तिने दोन पानांचं वर्णन लिहून मला पाठवावं, रंग ओल्या मातीचा आणि कोरड्या मातीचा असा वेगवेगळा. काम झालं की खड्डा बुजवायचा, आधी खालची माती, मग वरची.