फुकट इयरबड आणि 99 रुपये कुरिअर: बँकेची पोच घेतलीत का?

ताई, फुकट इयरबडच्या लिंकबद्दलची तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळा आला. तुम्हाला इयरबड, मला 2022 मध्ये स्मार्टवॉच. बाकी सगळं तेच. ‘निवडक ग्राहकांना मोफत, फक्त 99 रुपये कुरिअर’, खाली उलटं पळणारं घड्याळ, आणि ‘मला मिळालं, धन्यवाद’ म्हणणाऱ्यांची रांग. विश्वास ठेवावा का, असं विचारताय, पण फॉर्म भरून कार्डाने 99 दिलेतही. त्यामुळे लिंक खरी की खोटी हे आता सोडा. कार्ड ब्लॉक केलंत का? नसेल तर माझं उत्तर नंतर वाचा, आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते करा.

माझी पहिली चूक साधी. ओटीपीच्या मेसेजमध्ये रक्कम लिहिलेली असते. त्यात 9,900 होतं. मी घाईत फक्त सहा आकडे पाहिले आणि टाकले. पण मला खरा फटका बसला तो दुसऱ्या दिवशी, बँकेच्या शाखेत.

दसऱ्यानंतरचा शुक्रवार होता. पहिली शिफ्ट संपवून नाशिकमधल्या सातपूरहून थेट शाखेत गेलो. बँकेचं नाव घेत नाही. काउंटरवरच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं, कार्ड नंबर कागदाच्या चिटोऱ्यावर लिहिला आणि म्हणाला, “ब्लॉकला टाकतो. साहेब रजेवर आहेत, लेखी अर्ज घेऊन सोमवारी या.” मी “बरं” म्हणून निघालो. तक्रार क्रमांक मागितला नाही, शिक्का घेतला नाही. शनिवार दुसरा, म्हणजे बँक बंद, मग रविवार. रविवारी रात्री कुठल्याशा परदेशी साइटवर 31,400 गेले, ओटीपी न येता. कार्ड ब्लॉक झालंच नव्हतं. सोमवारी अर्ज दिला तर त्यावर तारीख सोमवारची. काउंटरवर तोच माणूस. म्हणाला, “तुम्ही आलात, पण तक्रार कुठे दिलीत?”

हे इतकं का लागलं ते सांगतो. रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक तेव्हा लागू होतं. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. तक्रार क्रमांक बँकेने द्यायचाच, हेही त्यातच लिहिलं होतं. म्हणजे 9,900 माझ्या मूर्खपणाचे, मान्य. पण शुक्रवारचा एक क्रमांक हातात असता तर 31,400 बँकेच्या माथी होते. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही गेलो (बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटलं नाही की जाता येतं, फी नाही), पण शुक्रवारचा पुरावा दाखवता आला नाही. सीसीटीव्ही मागितलं तर तेवढं जुनं फुटेज नाही म्हणे. मी वकील नाही, हा माझ्यापुरता अनुभव. तरी माझं मत ठाम आहे: शाखेत तोंडी बोलून आलेला माणूस बँकेच्या दृष्टीने आलेलाच नसतो.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन मी सोमवारी केला. तोही आधी करायचा होता. पैसे खात्यातून खात्यात पळत असतात, मधे कुठे अडकले तर तिथे ते गोठवता येतात. इतक्या दिवसांनी काय उरणार? सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करा आणि पावतीची प्रिंट काढून ठेवा.

ओटीपीशिवाय पैसे कसे गेले, असं इथे कोणीतरी विचारेलच. परदेशातल्या बऱ्याच साइट ओटीपी मागत नाहीत, नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे पुरतात. आपल्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, पण मुलीच्या परीक्षेच्या फीसाठी मीच चालू केले होते आणि विसरलो. अ‍ॅपमध्ये ते बटण असतं, आज बघून घ्या.

फुकट काहीच नसतं का? असतं की. दिवाळीत आमच्याकडे महात्मा गांधी रोडवर मोबाइल घेतला की हेडफोन देतात, त्याची किंमत मोबाइलच्या बिलात मुरलेली असते. सोडतीत खरंच टीव्ही लागला तर 30 टक्के कर असतो, पण तो तुमच्या पॅनवर सरकारजमा होतो, कोणाच्या खासगी यूपीआयवर नाही. आणि पैसे घ्यायला पिन लागत नाही. ‘रिफंडसाठी पिन टाका’ असा फोन तुम्हाला येत्या चार दिवसांत येईल, कारण तुमचा नंबर आता त्यांच्या यादीत आहे. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरवर फोन करू नका. बँकेचा नंबर कार्डाच्या पाठीवर असतो.

फॉर्ममध्ये आधार नंबर दिला असेल तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम आहेत ते बघा. माझ्या नावावर एक निघालं होतं, ते तिथूनच बंद करायला टाकलं. तेवढं एक काम मात्र कुठल्याही काउंटरवर न जाता झालं.