मोटरहोम विकत घेऊ की भाड्यानं?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका निवृत्त सुभेदारांचं पत्र आहे. वय 63, पेन्शन महिना 38,000. दीड वर्षापूर्वी 20 गुंठे जमीन विकून 26 लाख आले; त्यातले 12 लाख पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आणि 14 लाख जवळच्या सौहार्द सोसायटीत, म्हणजे एका सहकारी पतसंस्थेत, ठेवले. लष्कराच्या सिग्नल्स दलातले जुने सोबती हिमाचलात पालमपूर, मंडी आणि उत्तराखंडात पौडीला असतात. दोन्ही ठेवी मोडून 24 लाखांचं मोटरहोम, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, घ्यावं आणि दरवर्षी महिनाभर बायकोसह डोंगरात फिरून सगळ्यांना भेटावं, असा त्यांचा विचार आहे.

राम राम सुभेदारसाहेब,

जा, आणि याच वर्षी जा. गाडी मात्र भाड्यानं घ्या.

24 लाख पोस्टाच्या 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 49,200 रुपये देतात, म्हणजे वर्षाला 1,96,800. गाडीत घातले की ते बंद. शिवाय विम्यासाठी धरतात ती गाडीची किंमत पाच वर्षांत निम्म्यावर येते, म्हणजे वर्षाला 2,40,000 गेले. विमा, सर्व्हिसिंग, टायर आणि पावसाळ्यात आडोसा यांचे 60,000 धरा. आपल्या खानापूरच्या पावसात चार महिने उघड्यावर उभ्या केलेल्या गाडीचं काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. बेरीज पाच लाखांच्या घरात जाते. तुम्हीच कळवलेलं भाडं दिवसाला 9,000 आहे. म्हणजे दरवर्षी, न चुकता, 55 दिवसांहून जास्त फिरलात तरच विकत घेणं परवडतं. तुम्ही म्हणता तीस दिवस, तेही गुडघे साथ देतील तोवर.

एजंटानं सुचवलेली चंदगडच्या पाहुण्यांच्या पत्त्यावर पासिंगची वाट धरू नका. आपल्याकडं कर्नाटकात 20 लाखांवरच्या मोटारीला आजीवन कर 18 टक्के, म्हणून सीमेपलीकडं महाराष्ट्रात नोंदवायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण दुसऱ्या राज्यातली गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवली की मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणे इथं नव्यानं नोंदवावी लागते. आणि पत्ताच खोटा असेल तर अपघातानंतर विमा कंपनीसमोर तुम्ही कुठल्या तोंडानं उभे राहणार? तुमच्या कोटेशनमध्ये हा कर धरलेलाच नाही, तेही बघा. व्हॅनमध्ये पलंग, सिंक बसवून घ्यायचं म्हणाल तर कलम 52 खाली आरटीओची मंजुरी लागते आणि विमा कंपनीला कळवावं लागतं.

आता पैसे कुठून काढायचे? पोस्टाला हात लावू नका. खातं उघडून 14 महिने झालेत; आत्ता मोडलं तर दीड टक्का, म्हणजे 18,000 कापून घेतील. काढायचे ते सोसायटीतून. खरं सांगू, तुमच्या मोटरहोमपेक्षा मला त्या 14 लाखांचीच जास्त काळजी वाटते. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं कवच असतं. सौहार्द सोसायटीला ते नाही. माझ्या मामांचे पैसे अशाच एका सोसायटीत अडकले. पासबुक दुधाच्या पिशवीत गुंडाळून ते दोन वर्षं रोज सकाळी तिच्या बंद शटरपुढं जाऊन उभे राहायचे. चहासुद्धा नको म्हणायचे. तुमच्या ठेवीची मुदत पुढच्या महिन्यात संपते म्हणता, तेव्हा रिन्यू करू नका. तीन लाख प्रवासाला बाजूला काढा, उरलेले 11 लाख ज्येष्ठ नागरिक योजनेतच घाला. मर्यादा 30 लाखांची आहे, आरामात बसतात.

प्रवासाचं म्हणाल तर इथून गाडी हाकत जाऊ नका. जाताना दोन हजार किलोमीटर, येताना तेवढेच, सगळं मैदान, आणि त्यात दिवसाला 9,000 चालूच. गोवा एक्स्प्रेस बेळगावहून थेट निजामुद्दीनला जाते. दिल्लीत गाडी घ्या, 18 दिवसांसाठी. भाडं 1,62,000. पालमपूर, मंडी, मग उतरून पौडी, फिरून 1,800 किलोमीटर होतील. लिटरला 9 धरलं तर 200 लिटर डिझेल, सुमारे 18,000. तिकिटं, टोल, जेवणखाण, भेटवस्तू धरून अडीच लाखांत बसतं. 50,000 हाताशी राहू द्या. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडं दरडी कोसळतात. सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर धरा. लायसन्सची मुदत बघून ठेवा, पंचावन्नीनंतर ते पाचच वर्षांचं मिळतं.

एक गोष्ट पत्रात सापडली नाही: काकूंचं मत. मोटरहोममध्ये संडासाची टाकी आपणच रिकामी करावी लागते, वापरलेल्या पाण्याचीही. स्वयंपाक दोन फुटांच्या ओट्यावर होतो. अठरा दिवस तिथंही त्याच राबणार असतील, तर ती त्यांची सुट्टी कसली? आधी दोन रात्री भाड्याच्या गाडीत आंबोलीला काढा. चोर्ला घाटाच्या वळणांवर स्टिअरिंग धरून बघा. काकू नको म्हणाल्या तर साधी गाडी घ्या आणि मित्रांच्या घरीच उतरा. तिघंही ठेवून घेतील, आणि भाड्याचे निम्मे पैसे वाचतील.

तुम्ही शेवटी लिहिलंय की चौघा सोबत्यांतला एक गेल्या दिवाळीत गेला आणि पालमपूरवाल्यांचं बायपास झालंय. ती ओळ मी दोनदा वाचली. म्हणूनच गाडीचं पासिंग, बॉडी यात वर्ष घालवू नका म्हणतो. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निघायचं तर जुलै संपता संपता तिकीट काढायला हवं. त्याआधी, आज संध्याकाळीच, पालमपूरला फोन लावा आणि तारीख सांगून टाका.