मराठी माध्यमातील आठवीच्या मुलीला इंग्रजी व्याकरण आणि कवितेचे रसग्रहण घरी कसे शिकवावे?

आपल्या मुलीला ॲक्टिव्ह-पॅसिव्ह उमगत नाही, कवितेवर चार ओळी लिहिता येत नाहीत, म्हणून कोणते पुस्तक घ्यावे असे आपण विचारले आहे. पुस्तकाचे नंतर पाहू. ‘पॅसिव्ह म्हणजे आपला कर्मणी प्रयोग, असे शाळेत सांगितले आहे’ हे आपल्या प्रश्नातील वाक्य आधी तिच्या वहीतून खोडून टाका.

हेच वाक्य मलाही आठवीत फळ्यावरून उतरवून घ्यावे लागले होते. आमचे इंग्रजी पाचवीपासून सुरू झालेले, त्यामुळे सरांचा शब्द अखेरचा. कर्त्याला ‘ने’ लागलेला दिसला की इंग्रजीत ‘बाय’ लिहायचे, असा त्यांचा नियम होता. घटक चाचणीत ‘रामाने आंबा खाल्ला’ याचे भाषांतर आले. मी ‘राम एट द मँगो’ असे लिहिले आणि त्यावर लाल फुली आली. शेजारच्या मुलाने ‘द मँगो वॉज ईटन बाय राम’ असे लिहून आंबा रामाकडून खाववला, त्याला पूर्ण गुण. मी उभा राहून विचारले की ‘राम आंबा खातो’ हे ॲक्टिव्ह असेल, तर तोच आंबा काल खाल्ला म्हणून पॅसिव्ह कसा होईल? उत्तर म्हणून तासभर वर्गाबाहेर उभे राहावे लागले.

मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळात गेले की कर्त्याला सहसा ‘ने’ लागतो आणि क्रियापद कर्माच्या मागे जाते: रामाने आंबा खाल्ला, रामाने चिंच खाल्ली, रामाने बोर खाल्ले. हाच कर्मणी प्रयोग, आणि ही मराठीची स्वतःची रीत आहे. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी क्रियापद हलतही नाही आणि वाक्य ॲक्टिव्हच राहते. पॅसिव्हच्या जवळचे मराठी वाक्य हवे असेल तर ‘रामाकडून रावण मारला गेला’ हे घ्यावे. कडून आणि गेला, हे दोन शब्द मुलीला दाखवा. अर्ध्या तासाचे काम आहे.

‘आय डिड नॉट वेंट’ या चुकीचेही तसेच. ‘मी गेलो नाही’ म्हणताना मराठीत ‘गेलो’ भूतकाळातच राहतो, म्हणून मूल इंग्रजीतही ‘वेंट’ ठेवते. तो मुलाचा मठ्ठपणा नव्हे, मातृभाषेशी इमान आहे. इंग्रजीत ‘डिड’ने भूतकाळ आधीच उचललेला असतो, हे एकदा सांगितले की पुरते. इंग्रजी शिकवताना मराठी तोंडातून काढायची नाही, असा आग्रह धरणाऱ्यांना हे कधीच सांगता येणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

कवितेचे म्हणाल, तर ज्या मुलीला मराठीच्या तासाला अनुप्रास (एकाच अक्षराची पुनरावृत्ती) आणि चेतनगुणोक्ती (निर्जीवाला सजीव कल्पणे) ओळखता येते, तिला त्यांचीच इंग्रजी रूपे, ॲलिटरेशन आणि पर्सॉनिफिकेशन, नव्याने पाठ करायला लावणे हा वेळेचा अपव्यय आहे. रवींद्रनाथ टागोरांची ‘व्हेअर द माइंड इज विदाउट फिअर’ ही निर्भय मनाची कविता घ्यावी. तिच्यातल्या स्वप्नातील देशात विवेकाचा निर्मळ ओढा रूढींच्या वाळवंटात वाट चुकलेला नाही. ओढा का, नदी का नाही, आणि वाळूत गेल्यावर पाण्याचे काय होते, हे मुलीला मराठीत विचारा. ती जे बोलेल तेच रसग्रहण, इंग्रजीत उतरवायचे नंतर. त्या कवितेत यमक नाही, तरीही गाइडच्या साच्याची सवय झालेली मुले ‘राइम स्कीम’पुढे (यमकाच्या मांडणीपुढे) एबीएबी लिहून मोकळी होतात.

आता पुस्तक. शाळेचे पाठ्यपुस्तक पुरेसे आहे, शिवाय वाचायला एखादे सोपे गोष्टींचे पुस्तक द्यावे. वाचन नसेल तर वर लिहिलेले सारे व्यर्थ. आमच्या सरांच्या वर्गात साठ मुले होती, हेही न्यायाने नोंदवले पाहिजे. आणि ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ यांच्या बाबतीत माझी ही तुलनेची युक्ती चालत नाही, कारण मराठीत तसे काहीच नाही. तिथे मी स्वतः आजही अडखळतो, तेव्हा तेवढ्यापुरते शाळेतल्या बाईंनाच विचारावे.